त्सुगारूची सामुद्रधुनी आणि एक गाणे

जपानचे मुख्य बेट होन्शू आणि उत्तरेकडचे होक्काइदो यांच्यामध्ये त्सुगारूची सामुद्रधुनी आहे. १९०८ ते १९८८ अशी ऐंशी वर्षे होन्शूच्या टोकावरील आओमोरी बंदरातून पलीकडच्या हाकोदातेला रेल्वेच्या बोटी जात. अंतर ११३ किलोमीटर, वेळ सुमारे चार तास. या बोटी बंद झाल्या, तरी त्यांतून कधीच न गेलेल्या जपानी माणसालाही तो प्रवास ठाऊक असतो. याचे श्रेय एका गाण्याला आहे: ‘त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी’, म्हणजे ‘त्सुगारू सामुद्रधुनीचे हिवाळी दृश्य’.

हे गाणे ‘एन्का’ या प्रकारातले. एन्काचा जन्म १८८०च्या दशकातल्या लोकहक्कांच्या चळवळीत झाला. सरकारने भाषणांवर निर्बंध आणले, तेव्हा कार्यकर्ते आपले म्हणणे गाऊन सांगू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र एन्का म्हणजे विरह, बंदर, पाऊस, बर्फ आणि मागे राहिलेले गाव असे समीकरण झाले. बहुतेक चालींत मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात, जसे आपल्या भूपातही असतात. पण एन्कात गंधार-धैवत बहुधा कोमल लागतात, म्हणून भाव उदास होतो.

गीतकार आकू यू, संगीतकार मिकी ताकाशी आणि गायिका इशिकावा सायुरी. सायुरींचा जन्म १९५८चा, कुमामोतोचा, म्हणजे देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. १९७३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आली. त्याच वर्षी पदार्पण केलेल्या यामागुची मोमोए झपाट्याने लोकप्रिय झाल्या. सायुरींना मात्र वाट पाहावी लागली. १९७६च्या अखेरीस त्यांचा बारा महिन्यांवरील बारा गाण्यांचा संच निघाला. त्यातले शेवटचे, डिसेंबरचे गाणे हे होते. १ जानेवारी १९७७ रोजी ते स्वतंत्र तबकडी म्हणून आले आणि देशभर गाजले. त्या वर्षअखेरीस ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या, घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या ‘कोहाकू’ या दूरचित्रवाणीवरील गायन-कार्यक्रमात सायुरी प्रथमच गायल्या, त्या हेच गाणे.

गाण्याची कथा साधी आहे. तोक्योच्या उएनो स्थानकातून रात्रीच्या गाडीने निघालेली एक स्त्री बर्फात बुडालेल्या आओमोरीला उतरते. प्रेम मागे सोडून ती एकटीच बोटीवर चढते. एवढेच. मग एवढ्या लोकांना ते आपले का वाटले?

उत्तर उएनो या नावात आहे. १९५४पासून १९७५पर्यंत उत्तरेकडच्या खेड्यांतून शाळा संपवलेल्या मुलामुलींना कामासाठी तोक्योकडे आणणाऱ्या खास गाड्या धावत, त्या इथेच येत. कारखानदार या मुलांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. हिवाळ्यात शेती बंद पडली की शेतकरीही मजुरीसाठी शहराकडे येत. या सगळ्यांसाठी उएनो म्हणजे गावाकडे जाणारी वाट. गाण्यातली स्त्री मजूर नाही, तिचे दुःख वेगळे आहे. पण रात्रभराची गाडी, पहाटेचा बर्फ, बोटीकडे निघालेली मुकी गर्दी हे त्यांचे स्वतःचे होते. पिढ्यान् पिढ्या परमुलखात राहिलेल्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

या पाण्याची भीतीही जुनी होती. २६ सप्टेंबर १९५४ रोजी वादळात ‘तोया मारू’ ही बोट हाकोदातेजवळ बुडाली आणि अकराशेहून अधिक माणसे गेली. समुद्राखालच्या बोगद्याचा विचार आधीपासून होता. या दुर्घटनेने त्याला निकड आली. ५३.८५ किलोमीटर लांबीच्या त्या सेइकान बोगद्याच्या कामात ३४ कामगारांनी प्राण गमावले. १३ मार्च १९८८ला बोगद्यातून गाड्या सुरू झाल्या आणि त्याच दिवशी रेल्वेच्या आओमोरी-हाकोदाते बोटींची नियमित सेवा संपली. २०१६पासून तेथून शिंकान्सेन धावते. प्रवास सुरक्षित झाला, वेळ वाचला. पण रेल्वेच्या बोटीच्या डेकवर उभे राहून मागे सरणारा किनारा पाहणे संपले.

ते आता गाण्यात उरले आहे. सायुरी अजूनही ते गातात. २००७पासून अनेक वर्षे ‘कोहाकू’त हे आणि ‘आमागी-गोए’ ही दोनच गाणी त्या आलटून पालटून गायल्या. गाण्यात उल्लेख असलेल्या तप्पी भूशिरावर त्याचे स्मारक आहे. तेथले बटण दाबले की समुद्रावर सायुरींचा आवाज घुमतो. त्याच परिसरात, जमिनीच्या खोल पोटातून, बोगद्यातली गाडी काही मिनिटांत निघून जाते.