‘साहसी कोण?’ : एका शब्दाच्या आधारे ‘स्त्रीपुरुषतुलने’चा विचार

ताराबाई शिंदे ह्यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ ह्या निबंधाचा उल्लेख आता मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आवर्जून केला जातो. परंतु त्याच्या शीर्षकाचा उत्तरार्ध मात्र सहसा गाळला जातो. स्त्रिया व पुरुष ह्यांत साहसी कोण, हे स्पष्ट करून दाखविण्यासाठी आपण हा निबंध लिहीत आहो, असे ग्रंथकर्तीने पुस्तकाच्या नावातच नमूद केले आहे. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात १८८२ साली छापलेल्या ह्या पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या आणि किंमत नऊ आणे होती. आजच्या विद्यार्थ्यापुढे ते शीर्षक ठेवले, तर ‘अधिक शूर कोण’ असा त्याचा अर्थ तो करील. मग वीरांगनांच्या कथा मिळतील ह्या अपेक्षेने तो पुस्तक उघडील आणि गोंधळात पडेल. कारण शौर्याची तुलना हा त्या निबंधाचा विषयच नव्हे. हा गोंधळ केवळ अर्थबदलामुळे झालेला नाही. ‘साहस’ ह्या शब्दाला स्त्रीच्या बाबतीत एक अर्थ व पुरुषाच्या बाबतीत दुसरा अर्थ असा दुहेरी व्यवहार फार पूर्वीपासून चालत आलेला आहे, आणि ताराबाईंनी नेमके त्याच्यावरच बोट ठेवले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शब्दाचे मूळ ‘सहस्’, म्हणजे बळ, हे होय. वेदात अग्नीला बळाचा पुत्र म्हटले आहे ते ह्याच शब्दाने. त्यापासून सिद्ध झालेला ‘साहस’ हा शब्द धर्मशास्त्रात व्यवहारपद म्हणून, म्हणजे राजाच्या न्यायासनापुढे येणाऱ्या वादाचा एक प्रकार म्हणून, रूढ झाला. अठरा व्यवहारपदांत त्याची गणना आहे. धन्याच्या समक्ष बळाने केलेले अपहरण ते साहस आणि पाठीमागे केलेले ते स्तेय, असा भेद मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात केलेला आढळतो. दंडाच्या पायऱ्यांनाही हेच नाव मिळाले : प्रथम साहस अडीचशे पण, मध्यम पाचशे, उत्तम एक हजार. त्याच अध्यायात साहस करणारा नर हा शिवीगाळ करणारा, चोर आणि दंडुक्याने मारणारा ह्या तिघांहूनही अधिक पापी ठरविला आहे. तेथील ‘नर’ हा शब्द मनुष्यमात्राचा वाचक आहे, असे कोणी म्हणेल तर ते अमान्य करण्याचे कारण नाही. तरी दरोडा, मारहाण, उघड जबरी ही कृत्ये करताना स्मृतिकारांच्या डोळ्यांपुढे कोण उभे असेल, हे सांगावयास नको. (वर मी ‘सहसा’ हा शब्द वापरला तोही ह्याच घराण्यातला. संस्कृतात त्याचा अर्थ ‘एकाएकी, अविचाराने’. मराठीत तो ‘बहुधा’ ह्या शांत अर्थावर येऊन स्थिरावला. शब्दांचीही उतारवयात प्रकृती निवळते!)

न्यायासनापुढून हा शब्द सुभाषितांत आला आणि तेथे त्याने जागा बदलली. स्त्रियांच्या स्वाभाविक दोषांची यादी देणारे जे श्लोक चाणक्याच्या नावावर चालतात, त्यांत असत्य, कपट, लोभ ह्यांच्या पंक्तीला साहस बसविलेले आहे. दुसऱ्या एका श्लोकात तर गणितच मांडले आहे : पुरुषाच्या तुलनेने स्त्रीचा आहार दुप्पट, साहस सहापट, काम आठपट. मोजमाप कोणी व कसे केले, हे विचारण्याची सोय सुभाषितात नसते. भर्तृहरीच्या शृंगारशतकात आढळणारा एक प्रसिद्ध श्लोकही ह्याच जातीचा. संशयांचा भोवरा, उद्धटपणाचे घर, साहसांचे नगर, दोषांची ठेव अशा उपमांची रास रचून स्त्री हे यंत्र कोणी निर्माण केले, असा प्रश्न तो करतो. धर्मशास्त्रात साहस हे कृत्य होते. कृत्याला साक्षीपुरावा लागतो, कर्ता सिद्ध करावा लागतो. सुभाषितात ते स्वभाव झाले, आणि स्वभावाला पुरावा लागत नाही.

पुरुषाच्या वाट्याला मात्र हाच शब्द निराळ्या रूपाने आला. मृच्छकटिकाच्या चौथ्या अंकातील शर्विलक पाहावा. चारुदत्ताच्या घराला भोक पाडून त्याने वसंतसेनेचे दागिने चोरले आहेत. मदनिका भयभीत होते, तेव्हा साहसातच लक्ष्मीचा वास असतो, असे तो तिला ऐटीत समजावतो. पुढे काही क्षणांतच मदनिकेच्या मनात चारुदत्त असावा असा त्याला संशय येतो आणि समस्त स्त्रीजातीच्या चंचलपणावर व कपटावर तो श्लोकांमागून श्लोक म्हणू लागतो. शूद्रकाने हा विरोध बुद्ध्या योजला असावा असे मला वाटते. प्रेक्षकाने चोराच्या तोंडची स्त्रीनिंदा हसण्यावारी न्यावी, ही सोय त्याने ठेवली आहे. दुर्दैव असे की सुभाषितसंग्रहात शिरताना असल्या श्लोकांचा बोलणारा नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ सिद्धांत.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या अर्भकाच्या हत्येचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा सांगण्यात आली. पुढे ती सौम्य होत अखेरीस पाच वर्षांवर आली. विधवाविवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता मिळून पंचवीस वर्षे झाली होती, पण जातीच्या पंक्तीत त्या मान्यतेला किंमत नव्हती. खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांत स्त्रियांच्या स्वैरपणाविषयी बरेच लिहिले गेले. ‘पुणे वैभवा’तील अशाच लेखनाने बुलढाण्याच्या ताराबाईंना लेखणी उचलावयास लावली. मुलाचा बाप कोण, तो कोठे आहे, त्याला कोणती शिक्षा, हे प्रश्न त्या चर्चेत नव्हते.

ताराबाईंच्या उत्तराची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. भर्तृहरीचा तोच श्लोक पुढे ठेवून त्यातील एकेक उपमा त्या सोडवून पाहतात. स्त्रीपुरुषांत भेदच नाही, अशी भूमिका त्या घेत नाहीत. काही दोष स्त्रियांत असतील, हेही त्या नाकारीत नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच, की जी विशेषणे स्त्रीला बहाल केली आहेत ती पुरुषाला लावून पाहा आणि पारडे कोणीकडे झुकते ते सांगा. पुरुषांची लबाडी, लाचखोरी, बाहेरख्यालीपणा ह्यांचा पाढा त्या वाचतात. विधवेला मोहात पाडणारा उजळ माथ्याने फिरतो आणि ती मात्र गजाआड जाते, हे दाखवितात. भाषेच्या दृष्टीने पाहता त्यांनी एक मोठी गोष्ट केली. साहस हा शब्द स्वभावाच्या कोठडीतून बाहेर काढून पुन्हा न्यायासनापुढे उभा केला. ‘साहसी कोण’ ह्या प्रश्नाला पुन्हा कर्ता, कृत्य आणि पुरावा लागू झाला.

समकालीन ललित वाङ्मयालाही त्यांनी सोडले नाही. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्या त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्या. त्यांतील स्त्रिया एक तर सद्गुणांच्या पुतळ्या, नाही तर कारस्थानी. जुन्या सुभाषितांचाच साचा नव्या गद्यात उतरला होता. ताराबाई अशा चित्रणाचा समाचार घेतात, तो समीक्षकाच्या संथ भाषेत नव्हे, तर ओसरीवरच्या भांडणाच्या आवेशात. संस्कृत श्लोकाचे वजन त्याच्या घट्ट बांधणीत असते. त्याला उत्तर देताना त्यांनी बोलीतले शब्द, म्हणी, थेट ‘तुम्ही’ असे संबोधन वापरले. काही अभ्यासकांना ह्या शैलीत संयमाचा अभाव दिसतो. मला तो दोष वाटत नाही. समासप्रचुर आरोपाला समासप्रचुर उत्तर दिले असते, तर आरोप करणाऱ्यांच्याच अंगणात खेळावे लागले असते. त्याच वर्षी पुण्यातच पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. त्याचा रोख स्त्रियांनी कसे वागावे ह्याकडे आहे, आणि त्याची भाषाही त्यामुळे उपदेशाची, मोजूनमापून लिहिलेली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे ताराबाईंचा श्रोता पुरुष होता, हे अधिक ठळकपणे जाणवते.

पुस्तकावर टीका झाली. १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’च्या १८८५ मधील दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, पण त्यानंतर हे पुस्तक विस्मृतीत गेले ते जवळजवळ नव्वद वर्षे. डॉ. स. गं. मालशे ह्यांनी १९७५ साली ते संपादून पुन्हा प्रसिद्ध केले. १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅन्लन ह्यांचे इंग्रजी भाषांतर आले.

मधल्या काळात शब्दाने पुन्हा कूस पालटली होती. विसाव्या शतकातील मराठीत गिर्यारोहकांचे, दर्यावर्दींचे, क्रांतिकारकांचे ते साहस. मुलांच्या पुस्तकांत ‘साहसकथा’ हा स्वतंत्र प्रकार झाला आणि त्यांचे नायक बहुतेक मुलगेच राहिले. शब्द निंदेचा होता तेव्हा स्त्रीच्या माथी सहापट मारला गेला. स्तुतीचा झाला तेव्हा मापे घेऊन कोणी आले नाही. मालशे ह्यांची आवृत्ती निघाली तेव्हा वाचकाच्या मनात हाच नवा अर्थ बसलेला होता. शीर्षकाचा उत्तरार्ध गाळला जाण्याचे एक कारण हेही असावे : साहसी कोण, ह्या प्रश्नातील आरोप आता ऐकूच येईनासा झाला आहे.