भोया मानूस

इंग्रजांचे एक बरे आहे. 'इनोसंट' हा एकच शब्द ठेवला की तान्हे पोर, सुटलेला आरोपी आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असा शेजारी, या सर्वांचे काम एकाच काउंटरवर होऊन जाते. मराठीत तसे चालत नाही. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळी खिडकी. तान्हे पोर निरागस, सुटलेला आरोपी निर्दोष, दंगलीत सापडलेला निरपराध, साधुपुरुष निष्पाप, लग्नाच्या यादीतला मुलगा गरीब स्वभावाचा आणि ज्याचे पैसे बुडाले तो भोळा. या खिडकीचा माणूस त्या खिडकीशी गेला की घोटाळा होतो. कोर्टातून निर्दोष सुटलेल्या एखाद्या पुढाऱ्याला 'निरागस' म्हणून पाहा; खुद्द पुढाऱ्यालाच हसू आवरणार नाही.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. शब्दांची व्युत्पत्ती काही आमच्या अभ्यासक्रमाला नव्हती. पण बँकेत वीस वर्षे काढली की कुठलीही जुनी नोंद दिसताच तिचे मूळ व्हाउचर हुडकण्याची खोड लागते. तेव्हा शब्दांची व्हाउचरे काढून पाहिली.

'इनोसंट'चे मूळ व्हाउचर लॅटिनमध्ये निघाले. अर्थ, इजा न करणारा. हे नाव रोमच्या तेरा पोपांना इतके आवडले की त्यांनी ते धारण केले. त्यांतल्या तिसऱ्या इनोसंटांनी पुकारलेले धर्मयुद्ध १२०९ साली दक्षिण फ्रान्सातल्या पाखंड्यांवर चालून गेले. चौथ्यांनी १२५२ साली पाखंड्यांकडून कबुली काढण्यासाठी त्यांचा छळ करायला परवानगी दिली. आठव्यांनी १४८४ साली चेटकिणींच्या मागे माणसे लावली. तेरावे १७२४ साली वारले. त्यानंतर हे नाव कुणी घेतलेले नाही. खाते बंदच केलेले बरे, असे वाटले असावे.

आणि त्याच तेराव्या शतकात इकडे आपल्या अमरावती जिल्ह्यात, ऋद्धपुरात, गोविंदप्रभू वावरत होते. चक्रधरस्वामींचे हे गुरू. पोरांत पोर होऊन खेळायचे, मनाला येईल त्या घरात शिरायचे, गाव ज्यांना शिवत नसे त्यांच्या वस्तीतही जायचे. म्हाइंभटांनी लिहिलेल्या चरित्रात गावकरी त्यांना एकीकडे देव मानतात आणि दुसरीकडे वेडे ठरवतात. म्हणजे नावाचे इनोसंट रोममध्ये आणि वागणुकीचे ऋद्धपुरात, अशी त्या शतकाची वाटणी होती. त्याच ऋद्धपुरात २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, हेही बरे झाले. ही व्हाउचरे तपासायला आता जवळच सोय आहे.

कारण आपल्याकडची व्हाउचरे आणखी मासलेवाईक आहेत. 'निरागस' सरळ आहे. संस्कृतात आगस् म्हणजे अपराध. तो नसलेला, निरागस. पण घरोघर वापरतो ते शब्द पाहा. 'गरीब' मूळ अरबी, अर्थ परका, परमुलखातला. 'बिचारा' फारसी. हा चारा म्हणजे गुरांचा कडबा नव्हे, चारा म्हणजे इलाज. ज्याला काही इलाज नाही तो बिचारा. 'साधा'ही फारसीच, म्हणजे कोरा, नक्षी नसलेला. यांतला एकही शब्द माणसाच्या सज्जनपणाचा दाखला देत नाही. माणूस परका आहे, निरुपाय आहे, कोरा आहे, इतकेच सांगतो. ज्याला इजा करताच येत नाही त्याला आपण इजा न करणारा ठरवून टाकले आणि वर स्वभाव गरीब असल्याचे सर्टिफिकेट दिले!

आमच्या वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया आणि भोळ्याचा भोया. काउंटरवर रोज एक तरी भोया भेटतो. "साहेब, मी त भोया मानूस. मले काई समजत नाही. पन मांगल्या सालापक्षा यंदा व्याज दोनशे चाळीस रुपये जास्त काहून पडलं, तेवढं सांगा." अशा वेळी समजावे की हा इसम घरून पै न् पै जुळवून आलेला आहे. जाणता माणूस भोया शब्द अंगरख्यासारखा वरून घालून येतो.

खरा भोया तो, ज्याला हा प्रश्न विचारताच येत नाही. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे गाव आहे. गाडगेबाबांचे, म्हणजे तेव्हाच्या डेबूजींचे, बालपण तिथे मामांकडे गेले. बाबांच्या चरित्रांत ही हकीकत येते : मामा चंद्रभानजी कष्टाळू, पण अक्षरशत्रू. सावकारावर विश्वास ठेवून कर्ज फेडत राहिले. कागदावर काय चढले ते त्यांना वाचता येत नव्हते. शेवटी शेतावर सावकाराचा हक्क निघाला. गाव काय म्हणाले असेल ते सांगायला नकोच. भोया होता बिच्चारा!

कायद्यालाही भोळेपणाचे नक्की काय करावे हे ठरवता आलेले नाही. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट म्हणतो की काम प्रामाणिकपणे केले की ते सद्भावनेने केले, मग निष्काळजीपणे केलेले का असेना. १८६० ची दंडसंहिता म्हणत होती की योग्य काळजी घेतली नाही तर ती सद्भावनाच नव्हे. ही संहिता २०२४ च्या जुलैत निवृत्त झाली, पण जाताना आपली व्याख्या नव्या न्यायसंहितेच्या हवाली करून गेली. म्हणजे एका कपाटातल्या कायद्यात भोळ्याला जागा आहे, दुसऱ्यात नाही. फोनवर गोड बोलणाऱ्याला ओटीपी सांगून बसलेल्या निवृत्त मास्तरांना दुसरेच कपाट दाखवले जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तसेच होते : गुप्त माहिती स्वतःच दिली, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. नियमाच्या भाषेत मास्तर निष्काळजी, शेजाऱ्यांच्या भाषेत भोळे. मास्तरांचे वर्णन करणारे शब्द दोन झाले. ज्याने पैसे नेले त्याच्याबद्दल या सगळ्या बोलण्यात एक शब्द नाही.

म्हणून मला त्या शब्दाची धास्ती वाटते. कुणी फसला की आपण हळहळून 'भोळा हो!' म्हणतो, आणि त्या एका शब्दात फसवणाऱ्याचे खाते निल होते. चूक फसणाऱ्याच्या स्वभावात निघाल्यावर पुढे चौकशी कसली?

गाडगेबाबांनी हा हिशेब मान्य केला नाही. १९०५ साली घर सोडून ते फिरू लागले. कीर्तनात स्वतःला खुशाल अडाणी म्हणवून घ्यायचे आणि समोरच्यांना एकामागून एक प्रश्न विचारायचे. पण मामांच्या भोळेपणाचे त्यांनी देव्हारे माजवले नाहीत. कर्ज काढू नका, पोरांना शाळेत घाला, हेच गावोगाव सांगत १९५६ पर्यंत हिंडले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाच्या नावाच्या विद्यापीठातून आज अमरावती-अकोल्याची पोरे पदव्या घेतात.

तेव्हा रांगेतल्या मंडळींना एकच विनंती. पुढचा म्हातारा 'मी त भोया मानूस' म्हणत व्याजाचा हिशेब विचारू लागला, तर घड्याळाकडे पाहून चुकचुकू नका. दापुऱ्याला हा प्रश्न वेळेवर विचारता आला असता, तर एक शेत वाचले असते.