पैसा आमचा, खुलासा मागणारे तुम्ही कोण? बँकेच्या खिडकीवरच्या एका प्रश्नाचा इतिहास

"एवढी रक्कम कशाला हवी?" स्वतःच्याच खात्यातून लाख-दीड लाख रुपये काढायला गेलेल्या माणसाला हल्ली बँकेत हा प्रश्न हमखास विचारला जातो. वस्त्यांमध्ये काम करताना याच्या तक्रारी आमच्याकडे सतत येतात. कुणाच्या मुलीचं लग्न असतं, कुणाला घरावर स्लॅब टाकायचा असतो, कुणाला दवाखान्याचं बिल भरायचं असतं. बँकेतला माणूस विचारतो, नुसतं सांगून भागत नाही, कागद दाखवा म्हणतो, उद्या या म्हणतो. पैसे मिळतात, पण माणूस बाहेर पडतो तो आपण काही चोरी केली होती की काय, अशा चेहऱ्याने.

यावर आपल्यातले काही सुशिक्षित तरुण म्हणतात, "त्यात काय एवढं? काळ्या पैशाला आळा घालायचा तर विचारावंच लागणार." हे म्हणणं आम्ही उडवून लावत नाही. पण मित्रांनो, पैशाबद्दल प्रश्न विचारण्याला या देशात फार जुना इतिहास आहे. तो माहीत नसला तर कोणता प्रश्न कायद्याचा आणि कोणता प्रश्न जातीचा, हे आपल्याला ओळखता येणार नाही.

सुरुवात मनुस्मृतीपासूनच करावी लागेल. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी आणि सहकाऱ्यांनी मनुस्मृती जाळली, ती केवळ पाण्यासाठी आणि स्पर्शासाठी नाही. त्या ग्रंथात पैशाचेही नियम आहेत. शूद्राने ऐपत असली तरी धनसंचय करू नये, असं दहाव्या अध्यायात सांगितलं आहे. ब्राह्मणाने शूद्राचं धन निःशंकपणे घ्यावं, कारण शूद्राचं स्वतःचं असं काही नसतंच, असं आठव्या अध्यायात आहे. चांडाळाची संपत्ती म्हणजे कुत्री आणि गाढवं. त्याच आठव्या अध्यायात कर्जावरच्या व्याजाचा दरही वर्णावर ठरतो: ब्राह्मणाला दरमहा शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार, शूद्राला पाच. जो सर्वांत गरीब, त्याला व्याज सर्वांत जास्त. आजच्या भाषेत सांगायचं तर कर्जदाराची पत जातीवर ठरवणारा हा नियम होता.

हे फक्त पोथीत राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. ते गावात उतरलं. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी ताजी उदाहरणं दिली होती. इंदूर संस्थानातल्या बलाई समाजाला १९२८ च्या सुमारास गावच्या सवर्णांनी, पाटील-पटवाऱ्यांनी नियम घालून दिले. जरीकाठी पागोटं घालायचं नाही, रंगीत किनारीचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत, आणि कामाचा मोबदला मागायचा नाही, जे देतील ते घ्यायचं. ज्यांनी नकार दिला त्यांची विहीर बंद झाली, गुरांची चराई बंद झाली. गुजरातमधल्या झनू गावात अस्पृश्य बायकांनी धातूच्या भांड्यातून पाणी आणलं म्हणून त्यांना मारलं. जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्यात एका अस्पृश्याने जेवणावळीत तूप वाढलं म्हणून हल्ला झाला. ही भांडी आणि ते तूप त्यांनी स्वतःच्या पैशाने आणलेलं होतं. कुणी विचारलं नाही की तुम्ही हे चोरलं का. गुन्हा वेगळाच होता: पैसा तुमच्याकडे असेलही, पण तो कशावर खर्च करायचा हे तुम्ही ठरवणारे कोण?

म्हणजे "एवढे पैसे कशाला हवेत?" हा प्रश्न आपल्या समाजाला बँकेने पहिल्यांदा विचारलेला नाही. बँका येण्याच्या कितीतरी आधी तो गावाने विचारलेला आहे.

महाराष्ट्रात याची दुसरी बाजू म्हणजे महार वतन. वतनदार महाराला कामाचा मोबदला बलुत्याच्या रूपात, धान्यात आणि तुटपुंज्या वतनी जमिनीत मिळायचा. त्या बदल्यात दिवसरात्र कधीही हाक आली की हजर राहायचं. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही गुलामी पक्की केली होती. तो बदलण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं. वतन हा मान नसून बेडी आहे, हे त्यांनी समाजालाही सांगितलं. बलुतं घेणाऱ्याला दर ठरवता येत नाही, साठवता येत नाही, गाव सोडून जाता येत नाही. आपली माणसं गिरण्यांत, रेल्वेत, गोदीत, लष्करात गेली तेव्हा पहिल्यांदा हातात रोख पगार आला. गिरणीतही जात होतीच, विणखात्याचं दार अस्पृश्यांना बंदच होतं. पण पगाराची नोट हातात आली की ती कुठे खर्च करायची हे पाटलाला विचारावं लागत नव्हतं. म्हणून रोख पैसा आपल्यासाठी नुसता व्यवहार नव्हता, गावगाड्यातून सुटण्याचं ते साधन होतं. रोख म्हणजे काळा पैसा, हे समीकरण ज्यांनी मांडलं त्यांना हा इतिहास ठाऊक नाही.

आता २०१६ कडे येऊ. ८ नोव्हेंबरच्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या रकमेच्या सुमारे ८६ टक्के पैसा एका रात्रीत कागद झाला. पुढचे पन्नास दिवस प्रत्येक भारतीयाला बँकेने प्रश्न विचारले. पण सगळ्यांना सारखेच विचारले का?

लग्नासाठी अडीच लाख रुपये काढायची सवलत जाहीर झाली. २१ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने तिच्या अटी सांगितल्या. लग्नपत्रिका दाखवा, हॉल आणि जेवणाच्या आगाऊ रकमेच्या पावत्या दाखवा, वधूवरांची ओळखपत्रं द्या. ज्यांना रोख द्यायची त्यांची यादी द्या आणि त्यांचं बँकेत खातं नाही असं त्यांच्याकडून लिहून आणा. लगेच ही यादी १० हजार किंवा त्याहून मोठ्या रकमांपुरती करण्यात आली, पण अट राहिली. आपल्या लग्नाचा मांडव घालणारा, आचारी, वाजंत्री यांच्याकडून लेखी घोषणापत्र गोळा करत फिरणाऱ्या बापाचा विचार करा.

त्याहून महत्त्वाचं परिपत्रक २९ नोव्हेंबरचं आहे. जनधन खात्यातून महिन्याला १० हजारच काढता येतील. कागदपत्रं अपुरी असतील तर ५ हजार. कारण काय दिलं? भोळ्याभाबड्या शेतकरी आणि ग्रामीण खातेदारांचा काळा पैसावाल्यांनी गैरवापर करू नये म्हणून. इतर बचत खात्यांना त्या वेळी आठवड्याला २४ हजारांची मर्यादा होती, आणि गरिबाच्या खात्याला महिन्याला दहा. दहा हजारांच्या वर हवे असतील तर? तर शाखा व्यवस्थापकाने गरज खरी आहे याची खात्री करून, तशी नोंद ठेवून द्यावेत. म्हणजे खातं तुमचं, पैसा तुमचा, पण तुमची गरज खरी की खोटी हे ठरवणार व्यवस्थापक. १९ डिसेंबरला तर जुन्या नोटांत ५ हजारांहून जास्त रक्कम भरणाऱ्याला दोन अधिकाऱ्यांसमोर, आधी का भरले नाहीत, याचा खुलासा द्यावा लागेल असं ठरलं. ओरड झाली, आणि कागदपत्रं पूर्ण असलेल्या खात्यांपुरता तो नियम दोन दिवसांत मागे घ्यावा लागला.

६ डिसेंबर २०१६ ला नोटबंदीला बरोबर चार आठवडे झाले होते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा तो साठावा स्मृतिदिन. खिशात पैसा नसताना भाकरी बांधून लोक चैत्यभूमीवर आले. ज्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली त्या माणसाच्या लेकरांना त्या दिवशी पुस्तक विकत घ्यायला सुटे पैसे नव्हते.

शेवटी या सगळ्या चौकशीतून निघालं काय? ऑगस्ट २०१८ च्या रिझर्व्ह बँकेच्या अहवालानुसार रद्द केलेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी रुपये बँकेत परत आले. म्हणजे ९९.३ टक्के.

याच काळात बड्यांना काय विचारलं गेलं तेही पाहा. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या एका शाखेतून हमीपत्रं निघत राहिली. बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये घोटाळा उघड झाला तेव्हा नीरव मोदी देश सोडून गेलेला होता. पुढच्याच महिन्यात स्टेट बँकेतून निवडणूक रोखे विकायला सुरुवात झाली. कोणी कोणत्या पक्षाला किती दिले हे मतदाराला कळू नये, अशी त्यात सोयच होती. ही योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवली, तोवर सहा वर्षं गेली होती. मांडववाल्याचं नाव लिहून द्या, आणि पक्षाला देणगी देणाऱ्याचं नाव झाकून ठेवा, हा याच देशातल्या बँकांचा व्यवहार आहे.

त्या दिवसांत एक गोष्ट आपल्यातही पसरली होती, आजही पसरते. दर दहा वर्षांनी चलन बदलावं असं बाबासाहेबांनी 'रुपयाचा प्रश्न' या ग्रंथात सांगितलं आहे, म्हणून नोटबंदी ही बाबासाहेबांचीच कल्पना! आम्ही आपल्या तरुणांना कळकळीने सांगतो, हा ग्रंथ वाचा. १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या त्या प्रबंधाचा युक्तिवाद हा नाही. सरकारला मनाला येईल तसा रुपया वाढवता येतो, त्याने भाव चढतात आणि मजुरी मागे राहते, म्हणजे व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून निघतो, असं बाबासाहेब मांडतात. म्हणून रुपया पाडण्याच्या सरकारच्या अधिकारालाच ठरलेली मर्यादा घाला, असा त्यांचा आग्रह आहे. १५ डिसेंबर १९२५ ला हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष देताना त्यांनी हीच बाजू लावून धरली. रिझर्व्ह बँकेच्या स्थापनेशी बाबासाहेबांचं नाव आपण अभिमानाने जोडतो, पण त्या साक्षीत ते काय म्हणाले हे सांगत नाही. बाबासाहेबांचा संशय चलन काढणाऱ्या सत्तेवर होता. चलन वापरणाऱ्या मजुरावर नव्हता. नोटबंदीने नेमकं उलटं केलं.

मग बँकेने काहीच विचारू नये का? असं आमचं म्हणणं नाही. लेखी नियम असावेत आणि ते सर्वांना सारखे असावेत. असे नियम आहेतही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली १० लाखांवरच्या रोख व्यवहारांची माहिती बँक सरकारला कळवते. २०१९ पासून वर्षाला एक कोटीच्या वर रोख काढली तर २ टक्के कर कापला जातो, आणि सलग तीन वर्षं विवरणपत्र न भरणाऱ्यासाठी ही मर्यादा २०२० पासून २० लाखांवर आणली आहे. २०२२ मध्ये वर्षात २० लाखांची रोख काढायला किंवा भरायला पॅन किंवा आधार लागण्याचा नियम आला. हे नियम आकड्यावर चालतात, आडनावावर नाही. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. 'डिजिटल अटक'च्या नावाखाली फसवलेली एखादी वयस्कर आई घाबरून आयुष्यभराची पुंजी काढायला आली, आणि बँकेतल्या बाईने तिला बाजूला बसवून विचारपूस केली, तर ते चांगलंच काम आहे.

पण ती विचारपूस आणि आमच्या वस्तीतल्या माणसाला होणारी उलटतपासणी यांत फरक आहे. एकीत माणसाचं हित असतं, दुसरीत त्याच्याकडे एवढा पैसा असूच कसा शकतो हा संशय असतो. कपडे, बोली, आडनाव आणि पत्ता पाहून जो प्रश्न ठरतो, तो कुठल्याही परिपत्रकात नसतो. आणि जिथे नियम अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडला जातो, तिथे त्या मर्जीत जात शिरते. कागदपत्रं नसलेल्या गरिबाच्या 'छोट्या खात्याचे' नियमच पाहा: शिल्लक ५० हजारांच्या वर नको, महिन्याला १० हजारांच्या वर काढायचे नाहीत. धनसंचय करू नये, हे वाक्य आता कुणी लिहीत नाही. पण ज्याच्याकडे कागद नाही त्याने किती साठवायचं याची रेघ आजही दुसराच कुणीतरी ओढतो. आणि कागद कुणाकडे नसतो, हे आपल्याला सांगायची गरज नाही.

म्हणून आमचं सांगणं तीन गोष्टींचं आहे. बँकेत कुणी कारण विचारलं तर नम्रपणे विचारा, हे कोणत्या नियमाखाली? नियम असेल तर तो दाखवा म्हणा आणि पाळा. पैसे नाकारले तर नकार लेखी मागा, मिळाला नाही तर तारीख-वेळ घालून स्वतः लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्याला एक रुपयाही लागत नाही. आणि प्रत्येक वस्तीत निदान दोन-तीन शिकलेली मुलं अशी तयार करा, जी आपल्या आजी-आजोबांसोबत त्या खिडकीपर्यंत जातील.

बलाई बायकांनी दागिने घातले, झनूच्या बायकांनी धातूची भांडी उचलली, तेव्हा त्यांच्या मागे कायदा नव्हता. आज आपल्या मागे संविधान आहे. शिका, संघटित व्हा आणि आपल्या कष्टाच्या पैशासाठीही संघर्ष करा.

जयभीम!