खाड्याची वही

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचायला बसलं की भोंगा, पाळी, संप, युनियन हे सगळं सापडतं. पहिली गिरणी १८५४ ला काढली हेही पुस्तकात असतं. पण लाख-दोन लाख माणसं घरदार गावी ठेवून तिथं राबत होती, ती दोन वेळेला जेवत कुठं होती, ह्याला पुस्तकात चार ओळी मिळाल्या तरी नशीब. माझा चुलता लालबागला गिरणीत होता. गावच्या वीस-बावीस गड्यांनी मिळून घेतलेली एकच खोली, त्यात प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी तिथंच पाठ टेकायची. ह्या खोलीत चूल नसायची. जेवायला खानावळ.

खानावळ म्हटलं की हल्लीच्या पोरांना पाटी लावलेलं हॉटेल वाटतं. तसलं काही नव्हतं. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एखादी बाई पंधरा-वीस गड्यांचा स्वयंपाक करायची, तीच खानावळ. नवऱ्याची गिरणीतली नोकरी गेलेली, नाहीतर नवरा दारूत बुडालेला, नाहीतर वारलेला. गावी जमिनीचा तुकडा असून नसल्यासारखा. मग बाईला येतंय काय, तर भाकरी थापायला येतंय. पहिल्या पाळीचा डबा तांबडं फुटायच्या आत भरायचा, म्हणजे हिला रात्री दोन-तीनलाच उठावं लागायचं. रॉकेलचा स्टो, नळाला पाणी ठरल्या वेळेलाच, रेशनची रांग, आणि त्यातच स्वतःची पोरं. गडी पैसे द्यायचे महिन्याने, पगार झाला की. वाण्याला मात्र माल देताना हिशेब पक्का लागायचा. महिनाभराची ती फट भरायची कशी? वाण्याच्या उधारीने, सावकाराच्या पैशाने, नाहीतर गळ्यातलं गहाण टाकून. व्याज इतकं की बाई वीस माणसं जेवू घालून स्वतः उरलंसुरलं खायची. धंदा होता, रोजची उलाढाल होती, पण त्याला धंदा म्हणायला कुणी तयार नव्हतं.

इथं प्रेमाताई पुरव ह्यांचं नाव घ्यायला पाहिजे. गोवा मुक्तीच्या लढ्यात पोरवयात उतरलेली ही बाई पुढं मुंबईत गिरणी कामगारांच्या चळवळीत काम करत होती. त्यांचे यजमान दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेतले पुढारी. १९ जुलै १९६९ ला इंदिराबाईंनी १४ बँका सरकारच्या केल्या, आता गरिबाला कर्ज मिळणार असं म्हटलं गेलं. पण गरीब म्हणजे बँकेच्या लेखी गडी. बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही, तिला जामीन कोण राहणार? प्रेमाताईंनी ह्याला तोड काढली ती अशी की, एकमेकींना ह्या बायकाच जामीन राहतील. एकीने थकवलं तर बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसतील. १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं, सुरुवात १४ बायकांपासून. राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन अंगठा उठवणाऱ्या त्या बायकांनी हप्ते फेडले, आणि मग पुढच्यांना दार उघडलं. शेजारच्या बांगलादेशात महंमद युनूस ह्यांनी असंच काम सुरू केलं ते १९७६ ला, त्यांना २००६ ला नोबेल मिळालं. अहमदाबादला सेवा संस्थेच्या बायकांनी तर १९७४ लाच स्वतःची बँक काढली होती. प्रेमाताईंना २००२ ला पद्मश्री मिळाली. मिळाली ते बरंच झालं, पण आमच्या भागातल्या किती माणसांना हे नाव ठाऊक आहे विचारा, आणि भाकरी मात्र निम्म्या गावाने त्या बायकांच्या हातची खाल्लेली.

१९७५ हे साल मला दुसऱ्याही कारणाने आठवतं. दहावीच्या एस. एस. सी.ची पहिली बॅच त्या वर्षी बसली, त्यात मी होतो. शिक्षण तिथंच थांबलं. दोन वर्षांनी मुंबई गाठली, पण गिरणीत नाही. चुलता म्हणाला, आता उपनगरात कारखाने निघालेत, तिकडं बघ. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आग्रा रोडच्या, म्हणजे आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही अंगाला कारखानेच कारखाने होते. मी घाटकोपरच्या एका कारखान्यात लागलो आणि असल्फ्याच्या डोंगरावर खोली घेतली. तिथं अर्धा डोंगर आमच्या सातारा-सांगलीकडचा. दत्ता सामंत ह्याच घाटकोपरात डॉक्टरकी करायचे. खाणकामगारांच्या जखमा बांधता बांधता त्यांचे पुढारी झाले, आणि १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाख गिरणी कामगार त्यांच्या शब्दावर बाहेर बसले.

संपाने गिरणगाव बसलं. गडी गावाकडं निघून गेले, खानावळींची उधारी तशीच राहिली. चुलताही परतला. शेवटच्या महिन्याचे पैसे द्यायचे राहिले म्हणून त्याने पुढच्या सुगीला पायली-दोन पायली ज्वारी गावच्या माणसाबरोबर त्या बाईला धाडली होती, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. सगळ्यांनी धाडली असेल असं मी म्हणणार नाही.

माझं लग्न १९८३ चं. दोन वर्षांनी मंडळी मुंबईला आली. भावकीतली दोन पोरं आमच्याकडं जेवायला होती, ती सहा झाली, सहाची चौदा झाली. तेव्हा हिने वही घातली. महिन्याला अडीचशे, रविवारी सुकट नाहीतर मटण, आणि चार दिवस सलग गावी गेला तरच खाडा धरायचा. एका दिवसाचा खाडा धरायचा नाही, हा नियम तिचा. एक दिवसाला जेवण वाया जातं ते जातंच, असं तिचं म्हणणं. सामान घ्यायला पैसे भिशीतून उभे केले. बारा बायका, महिन्याला शंभर. पहिला नंबर हिने मागून घेतला आणि मोठी पातेली, दुसरा स्टो आणि गव्हाचं पोतं आणलं.

पण तिच्या डोक्यात होतं ते वेगळं. स्टेशनच्या वाटेवर एक छोटा गाळा भाड्याने घ्यायचा, पोळी-भाजी विकायची, बाहेर पाटी लावायची. पाटीवर कुणाचं नाव, ते ती सांगायची नाही. आम्ही एका बँकेत गेलो. साहेब वाईट नव्हता, चहा पाजला त्याने. म्हणाला, गाळ्याचं भाडेपत्र, दोन जामीन आणि यजमानांची पगारपावती आणा. ही म्हणाली, "पैसं मी फेडणार, मग कागद ह्यांचं कशापायी?" साहेब हसला. गाळेवाल्याला अनामत दिल्याशिवाय भाडेपत्र मिळत नव्हतं आणि भाडेपत्राशिवाय कर्ज मिळत नव्हतं, म्हणून गाळा काही झाला नाही. डोंगरावरच्या आमच्या खोलीचाही कागद नव्हता. घाटकोपर मुंबई महापालिकेत आलं १९५० ला, पण चाळीस वर्षांनीही आमच्या डोंगरावर पाणी हंड्याने चढत होतं, कागद तर लांबच. प्रेमाताईंसारखं माणूस आमच्या डोंगरावर आलं असतं तर गाळा झाला असता का? झाला असता, असं मला वाटतं. हिशेबात ती कधी चुकली नाही.

१९९६ ला माझा कारखाना बंद पडला. त्या रस्त्यावरचे एकामागून एक पडतच होते, पुढं त्या पट्ट्यात मॉल आणि टॉवर उठले. पगारपावती गेली, आणि घर चाललं ते वहीवर. मुलाची फी, मुलीचं लग्न, गावी बापाचं औषध, सगळं चौदा-सोळा मेंबरांच्या जेवणातून. सकाळी चारला मी कणीक मळायचो. मेंबरांत ह्याची थट्टा व्हायची, आपण मळत राहायचं. शेतकऱ्याच्या पोराला कणकेची काय लाज?

२००१ च्या शिरगणतीला एक मास्तर आले. माझ्यापुढं त्यांनी 'बेकार' लिहिलं नाही, माझ्या तोंडाकडं बघून 'व्यवसाय' विचारला. हिच्यापुढं न विचारताच 'घरकाम' लिहायला लागले. ही भाकरी तव्यावर टाकून बाहेर आली. "मास्तर, आत सोळा ताटं मांडलीत, ती काय पावण्यांची हायत? खानावळ लिवा." मास्तरांनी खोडून काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही. त्यांच्या फॉर्मात खानावळीला रकाना होता की नाही, देव जाणे. पुढं २०१३ च्या कायद्याने रेशनकार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली, तेव्हा हिने कार्ड दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

बाप थकला तसे २००६ ला आम्ही गावी आलो. जमीन पडून होती, ती सरळ करायला तीन वर्षं गेली. बायकांचा बचत गट झाला, ही त्यात हिशेब बघते. गटाचं कर्ज काढताना बँकेने माझी सही मागितली नाही. आता तिने भाजणीचं पीठ आणि कांदा-लसूण मसाला सुरू केलाय. पाटी नाही, पण पिशवीवर शिक्का आहे.

गेल्या साली जत्रेला जुना एक मेंबर आला. ठाण्याला त्याचा स्वतःचा टेम्पो चालतो. पोटभर जेवला, हात धुतला आणि थट्टेने म्हणाला, "काकी, किती झालं?"

"शंभर. दर वाढल्यात," ही म्हणाली, आणि नोट घेऊन खरंच कनवटीला लावली.