शिदोरी इंग्रजीची

लालबागच्या आमच्या चाळीत १९८०च्या सुमारास एक सर संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवायचे. ज्याला जमेल त्याने फी द्यावी, ज्याला जमणार नाही त्याने फळा पुसावा, असा त्यांचा हिशेब. माझ्या वाट्याला फळा आला होता. हे सर पूर्वी गिरगावातल्या एका शाळेत होते आणि मधली बरीच वर्षं इथिओपियात इंग्रजी शिकवून परत आले होते. ‘तिथं उतरलो आणि सात वर्षांनी लहान झालो,’ असं ते सांगायचे. आम्हाला ती थाप वाटायची. पुढे कळलं, की इथिओपियाची कालगणना आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालते आणि त्यांच्या वर्षाला महिने तेरा असतात. तिथली इंजेरा म्हणजे आंबवलेल्या पिठाची भली मोठी आंबोळीच, हेही सरांनीच सांगितलं होतं.

मला तेव्हा एक प्रश्न पडायचा. ज्याच्या स्वतःच्या घरात इंग्रजीचा एक शब्द कुणी बोलत नाही, असा गिरगावचा मराठी माणूस तिसऱ्याच देशातल्या मुलांना इंग्रजी शिकवायला समुद्र ओलांडून कसा काय गेला?

त्याचं अर्धं उत्तर मुंबईतच आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले. ते होते अवघे चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्या चौघांची नावं आपण आजही घेतो. पुढे गिरगाव, दादर, परळ या पट्ट्यात शाळा-कॉलेजांचं जाळं विणलं गेलं. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली सुरू केलेल्या शाळेतून गिरगाव चौपाटीवरचं विल्सन कॉलेज उभं राहिलं. दादरच्या हिंदू कॉलनीत किंग जॉर्ज, म्हणजे आजचं राजा शिवाजी विद्यालय, नावारूपाला आलं. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत, रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यास करून मुलं पदवीधर होऊ लागली. पदवी वाढली, खुर्च्या मात्र तेवढ्या वाढल्या नाहीत. त्यात स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढलं गेलं आणि ते आठवीपासून सुरू होऊ लागलं. निर्णयामागची भूमिका काहीही असो, इंग्रजीच्या मास्तरांचे तास कमी झाले, हे खरं.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग समुद्रापलीकडे आहे. १९३६ ते १९४१ इथिओपिया इटलीच्या ताब्यात होता. १९३७ साली इटालियन व्हाइसरॉयवर हल्ला झाला, त्यानंतरच्या सूडात तिथल्या शिकलेल्या तरुणांना वेचून मारण्यात आलं. सम्राट हैले सेलासी १९४१ साली परतले तेव्हा देशात शिकवायला माणूसच उरला नव्हता. सम्राटांनी शिक्षण खातं स्वतःकडे ठेवलं. माध्यमिक शाळांचं माध्यम इंग्रजी ठरलं आणि शिक्षक बाहेरून मागवले गेले. त्यात हिंदुस्थानातले शिक्षक फार मोठ्या संख्येनं होते. केरळची मंडळी सर्वांत जास्त, पण आमच्या सरांसारखे मुंबईकरही त्यांत होते.

यातला योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. इथिओपिया म्हणजे आपल्या बखरींतला हबश. तिथून आलेल्या लोकांनी आपल्या मातीत इतिहास घडवला. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताकरविता झाला. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला तर आपण हबसाणच म्हणत आलो. म्हणजे पूर्वी तिकडून तलवार आली होती आणि चार शतकांनी इकडून खडू गेला!

इथिओपियाखेरीज दुसऱ्याही वाटा होत्या. मुंबईहून मोंबासा, दारेसलामकडे ‘कंपाला’ आणि ‘करंजा’ या बोटी जायच्या. पूर्व आफ्रिकेत आपल्या लोकांची वस्ती जुनी. महर्षी कर्वे १९३१-३२ साली महिला विद्यापीठासाठी वर्गणी गोळा करायला थेट तिकडे जाऊन आले, यावरूनच तिची कल्पना यावी. पुढे झांबिया १९६४ साली स्वतंत्र झाला, तेव्हा सबंध देशात पदवीधर जेमतेम शंभरेक होते. नायजेरियानं १९७६ साली सर्वांसाठी प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू केली आणि तेलाच्या पैशातून परदेशी शिक्षक बोलावले. बी.ए., बी.एड. ही अक्षरं त्या काळात तिकिटासारखी चालायची.

पण दुसऱ्याच्या देशातली नोकरी ही दुसऱ्याच्या राजकारणावर तरंगत असते. युगांडात १९७२ साली इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. इथिओपियात सप्टेंबर १९७४मध्ये सम्राट पदच्युत झाले, लष्करी राजवट आली आणि आमचे सर यथावकाश एक ट्रंक घेऊन लालबागला परतले.

आता थोडं स्वतःविषयी. माझे अब्बा गिरणीत साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले आणि पुन्हा आत गेले नाहीत. अशा घरातून मी १९९० साली इंग्रजी घेऊन बी.ए. झालो. शाळांत विचारायला गेलो तर ‘बी.एड. आहे का? ओळख आहे का?’ हे दोनच प्रश्न. तेव्हा नजर आखाताकडे गेली. तिथल्या भारतीय शाळांत आपले शिक्षक होतेच. पण त्याच ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतलं. अम्मानमार्गे विमानांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय मायदेशी आणले गेले. परळच्या आमच्या ओळखीतल्या एक शिक्षिका एका पिशवीनिशी घरी आल्या. पिशवीत मुलांच्या तपासायच्या राहिलेल्या वह्या होत्या.

तरी माझा धीर सुटला नाही. युद्ध संपल्यावर एका एजंटाकडे गेलो. पदवीधर म्हणून माझ्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक नॉट रिक्वायर्ड’ असा शिक्का होता आणि त्याचा मला केवढा अभिमान! १९८३च्या कायद्यानं अल्पशिक्षित मजुराला बाहेर जाण्याआधी सरकारी अधिकाऱ्याकडून मंजुरी घ्यावी लागे. त्याचे कागद कुणीतरी तपासायचं. पदवीधर शहाणा, तो स्वतःची काळजी स्वतः घेईल, असं सरकारनं गृहीत धरलं होतं. मीही तेच गृहीत धरलं. अम्मीच्या बांगड्या मोडून पैसे भरले. सरांना करारपत्र दाखवायला नेलं तेव्हा त्यांनी मजकूर वाचलाच नाही, फक्त शेवटचं पान उलटून विचारलं, ‘सही कुणाची आहे? माझ्या करारावर तिथल्या शिक्षण खात्याची होती.’ मला तो म्हातारपणाचा संशय वाटला. महिन्याभरानं त्या ऑफिसला कुलूप होतं. अब्बा रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, ‘बेटा, तू कागद वाचलास, माणूस वाचला नाहीस.’

त्या शेवटच्या पानाचा अर्थ मला उशिरा कळला. सरांच्या पिढीला एका देशानं दुसऱ्या देशाकडून मागून घेतलं होतं. गरज खरी होती, त्यामुळे पगार, प्रवास, रजा सगळं लेखी होतं. आमच्या वेळेपर्यंत गरजेची जागा बाजारानं घेतली आणि मास्तर व खुर्ची यांच्यामध्ये दलाल येऊन बसला.

आज बाजार आणखी बदलला आहे. दक्षिण कोरियाचंच उदाहरण घ्या. इंग्रजी शिकवण्याचा तिथला नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. २०१०पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारानं आपल्यासाठी एक खिडकी उघडली, पण पदवीबरोबर शिक्षकाची पात्रताही दाखवावी लागते. म्हणजे व्याकरण कुणाचं पक्कं, याच्या आधी पासपोर्ट कुणाचा, हे पाहिलं जातं. आणि घरी? महाराष्ट्रानं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हा इंग्रजीच्या मास्तरांचे दिवस फिरले असं वाटलं. त्याच वर्षी शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षं मानधनावर काम, आणि प्राथमिक शाळेत ते मानधन होतं महिना तीन हजार रुपये. २०२३ साली ते सोळा हजार झालं. दादरला खोलीचं भाडंही त्यात भागत नाही. तरुण मुलं मग पुन्हा परदेशाच्या जाहिराती चाळू लागतात. त्यांना मी जाऊ नका म्हणत नाही. एवढंच सांगतो, आधी शेवटचं पान बघा.

मी स्वतः कुठेच गेलो नाही. सर थकले तेव्हा त्यांचा फळा माझ्याकडे आला. संपात घर मोडलेल्या गिरणी कामगारांची मुलं त्या फळ्यासमोर बसली. इंग्रजीवर पोट चाललं आणि कविता मराठीत लिहिली. मला त्यात कधी भांडण दिसलं नाही.

सरांची एक आठवण सांगून थांबतो. एकदा अदिस अबाबाहून त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं. चार पानी, इंग्रजीत. त्या देशात तेव्हा दिवस वाईट होते, तरी पत्रात बरीचशी चौकशी सरांच्या गुडघेदुखीचीच होती. सरांनी ते आम्हा मुलांसमोर ठेवलं आणि म्हणाले, ‘यातली एक चूक शोधून दाखवा.’ आम्ही तासभर शोधली. स्पेलिंग बघितली, काळ बघितले, स्वल्पविरामसुद्धा तपासले. एकही सापडली नाही. सरांनी पत्राची घडी घातली, चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, ‘फळा पूस रे, पुढचा धडा घेऊ.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)