अवटू ग्रंथी अतिक्रियाशील होते तेव्हा

भूक चांगली असूनही वजन घटणे, हातांना कंप सुटणे, छातीत धडधडणे आणि उकाडा सहन न होणे ही लक्षणे एकत्र दिसू लागल्यास थायरॉईड अर्थात अवटू ग्रंथीची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. मानसिक ताण, रजोनिवृत्ती किंवा मधुमेह यांतही अशी काही लक्षणे आढळत असल्याने या विकाराच्या निदानास अनेकदा विलंब होतो.

ग्रंथीचे कार्य
मानेच्या पुढील भागात असलेली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी आयोडिनचा वापर करून टी-३ व टी-४ ही संप्रेरके तयार करते. शरीरातील चयापचयाचा वेग त्यांवर अवलंबून असतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच या संप्रेरकाद्वारे त्यांच्या निर्मितीचे नियंत्रण करते.

कारणे
ग्रेव्हज विकार हे सर्वाधिक आढळणारे कारण होय. आयर्लंडचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये त्याचे वर्णन केले. यात शरीराचीच प्रतिपिंडे ग्रंथीला सतत उत्तेजित करतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण बरेच अधिक आहे. काही रुग्णांचे डोळे पुढे आल्यासारखे दिसतात. धूम्रपानाने हा त्रास वाढतो. ग्रंथीतील गाठी किंवा दाह ही अन्य कारणे आहेत. दाहामुळे वाढलेली संप्रेरके बहुधा काही आठवड्यांत आपोआप कमी होतात.

निदान
रक्तात टीएसएच कमी आणि टी-३ किंवा टी-४ जास्त आढळल्यास निदान निश्चित होते. कारण शोधण्यासाठी प्रतिपिंडांची चाचणी किंवा स्कॅन केला जातो. बायोटिनयुक्त गोळ्यांमुळे अहवाल चुकीचा येऊ शकतो, म्हणून त्या घेत असल्यास आधीच सांगावे.

उपचार
कार्बिमाझोलसारख्या गोळ्या संप्रेरकांची निर्मिती रोखतात. ग्रेव्हज विकारात त्या साधारण १२ ते १८ महिने घ्याव्या लागतात. बरे वाटू लागताच त्या परस्पर बंद केल्यास विकार पुन्हा उफाळू शकतो. धडधड व कंप यांसाठी प्रोप्रानोलोल दिले जाते. मात्र दमा असणाऱ्यांना ते चालत नाही.

किरणोत्सारी आयोडिन हा दुसरा पर्याय असून १९४१ मध्ये अमेरिकेत त्याचा प्रथम वापर झाला. गर्भवती व स्तनदा मातांना ते देता येत नाही. शस्त्रक्रिया हा तिसरा मार्ग होय. या दोन्ही उपचारांनंतर बहुतेकांना थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.

केव्हा थांबू नये
कार्बिमाझोल सुरू असताना ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करावी. वृद्धांमध्ये हृदयाचे अनियमित ठोके हेच एकमेव लक्षण असू शकते. उपचार न झाल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. गर्भधारणेचा विचार असल्यास औषध बदलावे लागू शकते, म्हणून डॉक्टरांना पूर्वकल्पना द्यावी. तीव्र ताप, अतिजलद नाडी आणि संभ्रमावस्था एकत्र दिसल्यास रुग्णास तातडीने रुग्णालयात न्यावे.