ड्युटीवरचा बाप : अभ्यासाला निघालेल्यांसाठी प्रस्तावना

 पितृत्वाच्या अभ्यासाच्या वाटेवर अजून गर्दी नाही, आणि खानदेशात तर ती जवळजवळ मोकळीच आहे. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, आणि आईवर कसं लिहावं हे मराठीला कळलं. बाप मात्र राहूनच गेला. मायकेल लॅम्ब या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली हीच तक्रार जगभरच्या संशोधकांपुढे मांडली. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बापपण तपासायला तीन बाजू दिल्या : मुलासोबत प्रत्यक्ष घालवलेला वेळ, गरजेला हाती लागणं आणि जबाबदारी वाहणं.

भुसावळजवळच्या वरणगावात या तिन्ही बाजू एका ओळीत येत नाहीत, म्हणूनच हे गाव अभ्यासाला फार मोलाचं आहे. १९६२च्या युद्धानंतर, १९६४ साली, इथे बंदुकांच्या काडतुसांची आयुध निर्माणी उभी राहिली. आत मोबाईल नेता येत नाही. म्हणजे पाळी सुरू झाली की बाप घराच्या हाती लागत नाही. त्याची जबाबदारी मात्र त्या पाळीवरच उभी असते. रात्रपाळी उरकून आलेला माणूस बुटाची नाडी सोडता सोडता विचारतो, ताप उतरला का, फी भरली का. मुलीला शाळेत सोडून येतो आणि आडवा होतो. ‘पप्पा झोपलेत’ म्हणत पोरं दबक्या आवाजात खेळतात. हा बाप घरात आहे की नाही? माझ्या मते आहे, आणि पुरता आहे. पण सोबतीचे तास मोजणाऱ्या प्रश्नावलीत तो गैरहजर ठरेल. भुसावळच्या रेल्वेत गाडीवर जाणारा किंवा केळीला पाणी द्यायला रात्रीच्या लाईटची वाट पाहणारा बापही तसाच निसटेल.

बापाची जागा कायद्यानेही ठरवलेली असते, तो भाग थोडक्यात सांगतो. १९५६च्या हिंदू पालकत्व कायद्याने बापाला आधी आणि आईला त्याच्या ‘नंतर’ ठेवलं; १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात त्या ‘नंतर’चा अर्थ आईच्या बाजूने रुंद केला. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्राने आईचं नाव बापाच्या आधी आणलं.

केंद्र सरकारच्या नोकरीत दोनपेक्षा कमी मुलं असलेल्या पुरुषाला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. इथे जरा थांबा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तेव्हा ही रजा सासरवाडीच्या ओसरीवर पाहुण्यासारखी बसण्यात जाते, की बाळाला न्हाऊ घालण्यात? बाप आणि बाळ यांची पहिली भेट दुसऱ्याच्या घरात होते, याचा विचार परदेशी पुस्तकं करणार नाहीत. तो आपणच करायचा आहे.

पद्धतीबद्दल एक सुचवतो. अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधवांनी निवृत्त वडिलांना आठवणी लिहायला लावल्या, त्यातून १९९३ साली ‘आमचा बाप आन् आम्ही’ आलं. बाप उशिरा बोलतो, पण बोलतो. त्याला थेट मायेबद्दल विचारू नका. आधी पाळी विचारा, पगार कुणाच्या हाती जायचा ते विचारा, आजारी मुलाला दवाखान्यात कुणी नेलं ते विचारा. निर्माणीत अगदी सुरुवातीला भरती झालेले कामगार आज ऐंशीच्या घरात आहेत. वही घ्या आणि आधी त्यांच्याकडे जा.